जुनी इलेक्ट्रिक कार: नेहमीचे बिघाड, दुरुस्तीचा खर्च आणि मुंबईतला वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबईत पहिल्या मालकाने चार-पाच वर्षे वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्या आता मोठ्या संख्येने विक्रीला येऊ लागल्या आहेत. जानेवारी २०२० मध्ये टाटा नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस ईव्ही बाजारात आल्या, त्याआधी जुलै २०१९ मध्ये ह्युंदाई कोना आली, आणि त्या काळातील गाड्यांची किंमत आज नव्या पेट्रोल हॅचबॅकच्या आसपास उतरली आहे. अशी गाडी पाहायला जाणाऱ्यांच्या मनात जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. खर्चाचे आकडे अंदाजाचे आहेत. गाडीचे मॉडेल आणि सुट्या भागाची उपलब्धता यांनुसार ते बदलतात, म्हणून मोठ्या कामाचे लेखी कोटेशन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून घेतल्याशिवाय निर्णय करू नये.

इलेक्ट्रिक गाडीत बिघाडच होत नाहीत, असे विक्रेते सांगतात. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच, टायमिंग बेल्ट, सायलेन्सर, इंधन पंप यांपैकी काहीच या गाडीत नसल्यामुळे नेहमीच्या देखभालीचा खर्च खरोखरच कमी येतो आणि चाके फिरवणारी विजेची मोटार स्वतः क्वचितच दगा देते. मात्र जे बिघाड होतात ते थोड्या पण महागड्या भागांत एकवटलेले असतात: बॅटरी पॅक, गाडीतला चार्जर, बॅटरीची वीज मोटारीला चालेल अशी बदलणारा इन्व्हर्टर आणि एसीचा कॉम्प्रेसर. पेट्रोल गाडीत पाच-दहा हजारांची कामे वारंवार निघतात. इलेक्ट्रिक गाडीत वर्षानुवर्षे काहीच निघत नाही आणि एखाद्या दिवशी एकदम लाखाच्या घरातले बिल समोर येऊ शकते. त्यामुळे जुनी इलेक्ट्रिक कार घेताना रंग, सीट आणि किलोमीटरचा आकडा यांपेक्षा बॅटरीची आजची स्थिती आणि तिच्या वॉरंटीचा शिल्लक काळ या दोन गोष्टींवर किंमत ठरली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुर्दैवाने बाजारात बहुतेक व्यवहार अजूनही पेट्रोल गाडीच्या हिशोबाने होतात.

पाच वर्षांच्या बॅटरीची क्षमता किती घटलेली असणे स्वाभाविक आहे?

लिथियम बॅटरीची घट सुरुवातीच्या काळात थोडी वेगाने आणि पुढे संथ गतीने होते. नीट वापरलेल्या पाच वर्षांच्या बॅटरीत दहा टक्क्यांच्या आसपास घट दिसली तर काळजीचे कारण नाही. वीस टक्क्यांच्या पुढे घट असेल तर किंमत त्या प्रमाणात खाली आली पाहिजे. घट वेगाने होण्याची मुख्य कारणे तीन आहेत. गाडी दिवसेंदिवस पूर्ण चार्ज करून उन्हात उभी ठेवणे, वारंवार शून्याजवळ नेणे, आणि कायम वेगवान डीसी चार्जिंगवर अवलंबून राहणे.

येथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारच्या बॅटरीला अधूनमधून शंभर टक्के चार्ज करणे आवश्यक असते, कारण त्याशिवाय नियंत्रण यंत्रणेला सेलची पातळी अचूक समजत नाही आणि सेल एकमेकांशी समतोल राहत नाहीत. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीला मात्र रोजच्या वापरात ऐंशी टक्क्यांवर थांबवणे मानवते. पाहत असलेल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे तिच्या मॅन्युअलवरून किंवा सर्व्हिस सेंटरमधून समजून घ्यावे आणि आधीच्या मालकाला तो गाडी कशी चार्ज करत असे हे सरळ विचारावे. त्याच्या उत्तरातून गाडीबद्दल पुष्कळ कळते.

व्यवहारापूर्वी बॅटरीची खरी क्षमता कशी तपासावी?

सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन बॅटरीच्या आरोग्याचा, म्हणजे ‘स्टेट ऑफ हेल्थ’चा, छापील अहवाल मागणे. त्यासाठी विक्रेत्याची संमती लागते आणि काही शुल्क द्यावे लागू शकते. ते आनंदाने द्यावे. विक्रेता या तपासणीला टाळाटाळ करत असेल तर ती गाडी सोडून देणे उत्तम.

अहवाल मिळत नसेल तर स्वतः चालवून बऱ्यापैकी अचूक अंदाज बांधता येतो. गाडी शंभर टक्के चार्ज करावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि एकाच दिवशी, एसी नेहमीसारखा चालू ठेवून, ती वीस टक्क्यांपर्यंत चालवावी. बहुतेक गाड्यांच्या पडद्यावर वापरलेली वीज युनिटमध्ये (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, केडब्ल्यूएच) किंवा दर किलोमीटरच्या सरासरीने दिसते. समजा ३०.२ युनिट क्षमतेच्या गाडीने ऐंशी टक्के चार्जमध्ये २१.६ युनिट वापरले, तर पूर्ण क्षमता २७ युनिट निघते, म्हणजे मूळच्या सुमारे ८९ टक्के. नव्या गाडीतही बॅटरीची सगळी क्षमता वापरायला मिळत नाही, थोडा भाग यंत्रणा राखून ठेवते, हे धरले तर हा निकाल चांगलाच म्हणावा लागेल.

पडद्यावरील ‘उरलेले अंतर’ पाहून मात्र काहीही ठरवू नये. तो आकडा अलीकडच्या चालवण्याच्या सरासरीवर काढलेला असतो. गाडी आधल्या दिवशी रात्री मोकळ्या रस्त्याने संथपणे चालवली असेल तर तो फुगतो आणि दादरच्या गर्दीत अडकली असेल तर घटतो. तसेच जाहिरातीतील अंतराशीही तुलना करू नये. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीचे प्रमाणित अंतर ३१२ किलोमीटर होते, पण प्रत्यक्षात ती नवी असतानाही शहरात साधारण दोनशे किलोमीटरच्या आसपासच जात असे. आज तीच गाडी १८० किलोमीटर जात असेल तर ‘अंतर निम्मे झाले’ अशी ओरड करण्याचे कारण नाही.

चाचणीच्या वेळी आणखी एका गोष्टीकडे बारकाईने लक्ष द्यावे. चार्ज हळूहळू उतरत असताना मध्येच तीसवरून एकदम अठरावर आला, किंवा कमी चार्जवर गाडीची ताकद अचानक तुटली, तर पॅकमधला एखादा सेल कमकुवत झाला असण्याची दाट शक्यता असते. संपूर्ण पॅकची कामगिरी सर्वांत दुबळ्या सेलपाशी अडते. अशी गाडी वॉरंटीत असेल तर आधी मालकाने पॅक दुरुस्त करून घ्यावा आणि मगच व्यवहार करावा.

बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का?

भारतातील बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांवर बॅटरीसाठी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी दिलेली असते आणि ती सहसा गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. हा काळ पहिल्या विक्रीपासून मोजला जातो, म्हणून २०२० च्या सुरुवातीला घेतलेल्या गाडीची वॉरंटी २०२८ च्या सुरुवातीला संपते. अलीकडच्या काही गाड्यांवर ‘आजीवन’ वॉरंटीची घोषणा आहे, पण ती पहिल्या मालकापुरती असते. उदाहरणार्थ, एमजी विंडसरच्या बाबतीत दुसऱ्या मालकाला आठ वर्षांचीच मुदत लागू होते. विक्रेत्याने ‘लाइफटाइम आहे’ म्हटले म्हणून त्यावर विसंबू नये. वॉरंटी पुस्तिकेतील हस्तांतराचे कलम वाचावे.

वॉरंटीच्या अटी तीन ठिकाणी अडवतात. एक, ठरलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग झाल्याची नोंद नसणे. दोन, बाहेरच्या कुणी पॅक उघडलेला असणे किंवा गाडीच्या वायरिंगमध्ये जोड देऊन भोंगा, दिवे, अँप्लिफायर बसवलेला असणे. तीन, पाण्यात बुडाल्याने किंवा खालून आदळल्याने झालेले नुकसान, जे वॉरंटीत बसतच नाही आणि विम्याकडे जाते. शिवाय क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते, ही मर्यादा कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून तो आकडा लेखी पाहावा.

वॉरंटी संपल्यावर बॅटरी बदलायची वेळ आली तर किती खर्च येईल?

ब्लूमबर्ग एनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये लिथियम बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत दर युनिट क्षमतेमागे ११५ डॉलर होती. या हिशोबाने ३० युनिटचा पॅक साधारण तीन लाख रुपयांचा होतो. परंतु हा भाव घाऊक खरेदी करणाऱ्या कारखान्यांचा आहे. सुटा भाग म्हणून तोच पॅक घेताना १८ टक्के जीएसटी, वाहतूक, कंपनीचा आणि विक्रेत्याचा नफा व मजुरी धरली की रक्कम सहज दीडपट ते दुप्पट होते. म्हणून ३० युनिटच्या गाडीसाठी पाच लाखांच्या पुढचा आणि ४०-५० युनिटच्या गाडीसाठी त्याहून बराच मोठा आकडा मनाशी धरून ठेवणे शहाणपणाचे आहे.

तरीही प्रत्येक बिघाडात पूर्ण पॅक बदलावा लागतो असे नाही. पॅक अनेक मॉड्यूलचा, म्हणजे सेलच्या गटांचा, बनलेला असतो, आणि दोष एखाद्या मॉड्यूलमध्ये, सेन्सरमध्ये, जोडणीत किंवा कॉन्टॅक्टरमध्ये (पॅकचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये) असेल तर तेवढाच भाग बदलणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. ती दुरुस्ती काही हजारांपासून लाखाच्या आसपास जाऊ शकते. अडचण अशी की सर्व्हिस सेंटरला पॅक उघडण्याची परवानगी नसेल तर ग्राहकाला सरळ नव्या पॅकचेच कोटेशन मिळते. तेव्हा ‘मॉड्यूल बदलून होईल का’ हा प्रश्न ग्राहकाने स्वतः, लेखी, कंपनीच्या ग्राहक विभागापर्यंत नेला पाहिजे. काही वेळा नियंत्रण यंत्रणेचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून आणि बॅटरीचे संतुलन करूनच तक्रार मिटते.

बॅटरीत ऐंशी टक्के चार्ज आहे, तरीही गाडी सुरूच होत नाही. असे का होते?

जुन्या इलेक्ट्रिक गाडीतला हा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत स्वस्त बिघाड आहे. जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत मोठ्या पॅकखेरीज बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते. दरवाजे, पडदा, संगणक आणि मोठ्या पॅकला जोडणारे कॉन्टॅक्टर तिच्यावर चालतात. ती बसली की मोठा पॅक भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही. तीन-चार वर्षांनी ती बदलावी लागते आणि खर्च साधारण चार ते आठ हजार रुपये येतो. मालक गावी गेल्यामुळे गाडी महिनाभर उभी राहिली, किंवा डॅशकॅम सतत जोडलेला राहिला, तर ती लवकर उतरते. नवी बॅटरी बसवल्यावरही ती पुन्हापुन्हा उतरत असेल तर तिला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर तपासावा. हे काम मात्र महागाचे आहे.

चार्जिंग मध्येच बंद पडते. दोष गाडीत आहे की घरच्या वायरिंगमध्ये?

बहुतेक वेळा वायरिंगमध्ये. मुंबईतल्या जुन्या इमारतींत अर्थिंग कमजोर असते, आणि अर्थिंग नीट मिळत नसेल तर गाडी सुरक्षिततेसाठी चार्जिंग नाकारते. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर आठ-दहा तास सलग भार राहिला की हलक्या प्रतीचा सॉकेट तापतो, काळवंडतो आणि वितळतोही. म्हणून पहिला उपाय म्हणजे दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो एखाद्या सार्वजनिक एसी चार्जरवर (घरच्यासारखीच प्रत्यावर्ती वीज देणाऱ्या, संथ चार्जरवर) गाडी लावून पाहणे. तेथे सुरळीत चार्ज झाली तर परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी आणि औद्योगिक प्रतीचा सॉकेट बसवून घ्यावा. अंतरानुसार यास दहा ते पंचवीस हजार रुपये लागतात.

दोन्हीकडे अडत असेल तर संशय गाडीबरोबरच्या केबलवर येतो. ती नव्याने घ्यावी लागल्यास वीस-तीस हजारांची आहे, म्हणून जुनी गाडी घेताना मूळ केबल ताब्यात घेतलीच पाहिजे आणि ती समोर चालवून पाहिली पाहिजे. त्यानंतर गाडीच्या चार्जिंग पोर्टचा क्रमांक लागतो: त्यातील पिना हिरव्या-काळ्या पडलेल्या, वाकलेल्या किंवा भाजल्यासारख्या दिसल्या तर पोर्ट बदलावा लागेल. सर्वांत शेवटी गाडीतला चार्जर. तो वॉरंटीबाहेर बिघडला तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. गाडी पाहताना घरगुती आणि वेगवान डीसी अशी दोन्ही चार्जिंग प्रत्यक्ष करून पाहावीत, कारण दोन्हींचे मार्ग वेगळे असतात. एमजी कॉमेटसारख्या गाडीला वेगवान डीसी चार्जिंगची सोयच नाही, हेही आधी जाणून घ्यावे.

मुंबईच्या पावसात ही गाडी सुरक्षित आहे का? पाण्यात उभी राहिलेली गाडी ओळखायची कशी?

साध्या पावसाने काही होत नाही. पावसात चार्जिंग करायलाही हरकत नाही, मात्र सॉकेट आणि प्लग यांच्यावर पाणी पडणार नाही अशी सोय हवी. बॅटरी पॅक सहसा आयपी ६७ दर्जाचा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी पाणी आत जाऊ नये अशी त्याची चाचणी झालेली असते. हा दर्जा नव्या, न आदळलेल्या पॅकचा आहे, ही गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्याने विसरू नये. पाच पावसाळे पाहिलेल्या, गतिरोधकांवर घासलेल्या पॅकची रबरी सील तशीच राहिली असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. शिवाय पॅक कोरडा राहिला तरी त्याच्या बाहेरचे कनेक्टर, सीटखालची वायरिंग आणि पुढच्या बाजूची इलेक्ट्रॉनिक्स भिजतातच.

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल ही पाणी तुंबण्याची ठिकाणे मुंबईकरांना सांगावी लागत नाहीत. तळघरातील पार्किंगचा धोका मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. इमारतीचा पंप बंद पडला की तेथे रात्रभरात कमरेएवढे पाणी साचते आणि गाडी तासन्‌तास बुडालेली राहते. म्हणून विक्रेत्याची गाडी कुठे उभी असायची, हे जाऊन पाहावे. सोसायटीच्या वॉचमनशी दोन मिनिटे बोलले तरी पुष्कळ उलगडा होतो.

तपासताना गालिचे उचलून खालचा फोम हाताने दाबावा. ओलसरपणा, कुबट वास, सीट सरकवण्याच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या वितीवर दिसणारी मातीची रेघ, डिकीत सुट्या चाकाच्या खोबणीत साचलेला गाळ या खुणा पॉलिश करणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. विमा कंपनीकडे दावा झाला होता का, हे पॉलिसी क्रमांकावरून विचारता येते. भिजलेल्या गाडीत ‘इन्सुलेशन’चा, म्हणजे विद्युतरोधन कमी झाल्याचा, इशारा पावसाळ्यात येतो आणि उन्हाळ्यात नाहीसा होतो. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये निर्दोष वाटणारी गाडी जुलैत बंद पडते. सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरमध्ये जुन्या दोषांची नोंद सापडू शकते, तीही मागावी.

वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्राकाठच्या भागात वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या गाडीचा खालचा भाग लिफ्टवर चढवून पाहावा. खाऱ्या हवेने पॅकचे बोल्ट, ब्रॅकेट आणि अर्थच्या पट्ट्या गंजतात. आणि गाडी आपल्याच ताब्यात असताना बुडाली, तर ती सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये आणि नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नये. त्या केबलमध्ये उच्च दाबाची जीवघेणी वीज असते. गाडी फ्लॅटबेड ट्रकवरूनच न्यावी. टोचन लावून, चाके जमिनीवर ठेवून ओढली तर मोटार फिरत राहते आणि इन्व्हर्टरचे नुकसान होते.

टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन यांचा खर्च पेट्रोल गाडीपेक्षा जास्त असतो का?

टायरचा जास्त, ब्रेकचा कमी, सस्पेन्शनचा थोडा जास्त. बॅटरीच्या वजनामुळे आणि सुरुवातीपासून मिळणाऱ्या पूर्ण ताकदीमुळे मोटारीने फिरणाऱ्या चाकांचे टायर लवकर झिजतात. लहान हॅचबॅकचे चार टायर साधारण वीस हजारांत, तर सोळा इंची एसयूव्हीचे तीस ते पंचेचाळीस हजारांत होतात. ब्रेकचे पॅड मात्र खूप टिकतात, कारण वेग कमी करण्याचे बरेच काम मोटारच करते. यातून एक उलटा प्रश्न उभा राहतो. ब्रेक फारसे वापरातच न आल्यामुळे मुंबईच्या दमट हवेत डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपर अडकतात. आठवड्यातून एकदा रिजनरेशन, म्हणजे मोटारीने वेग कमी करण्याची ही सोय, कमी करून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक व्यवस्थित वापरावेत. खड्ड्यांनी लिंक रॉड, बुश आणि लोअर आर्म खिळखिळे होतात. ही कामे पाच ते वीस हजारांत होतात.

एसी थंड करत नाही. हे साधे काम आहे का?

गॅस कमी असेल किंवा केबिन फिल्टर तुंबला असेल तर साधे आहे. कॉम्प्रेसर गेला असेल तर नाही. या गाडीतला कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, तो बदलण्यास पन्नास हजार ते लाखाच्या आसपास खर्च येऊ शकतो, आणि त्यात साध्या गाडीचे तेल घातले तर विद्युतरोधन बिघडते. म्हणून कोपऱ्यावरच्या एसीवाल्याकडून गॅस भरून घेण्यापूर्वी त्याला इलेक्ट्रिक गाडीचे काम येते का, हे विचारावे. अनेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्याचे कामही याच यंत्रणेकडे असते, त्यामुळे एसीच्या दुखण्याकडे दुर्लक्ष केल्यास बॅटरीही तापते. कूलंटची पातळी दर महिन्याला पाहावी आणि कंपनीने सांगितलेलाच कूलंट वापरावा.

उंदरांनी वायरिंग कुरतडल्यास?

मुंबईत हा प्रश्न खरोखरच गंभीर आहे. साध्या वायरचा जोड काही शेकड्यांत होतो, पण नारिंगी केबल कुरतडली गेली तर तिला जोड देता येत नाही, पूर्ण केबल बदलावी लागते. हे नुकसान वॉरंटीत बसत नाही. आठवडाभर गाडी हलत नसेल तर बॉनेट उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

नेहमीच्या गॅरेजमध्ये कोणती कामे करून घेता येतील?

टायर, ब्रेक, सस्पेन्शन, बारा व्होल्टची बॅटरी, वायपर, पत्रा-रंग आणि केबिन फिल्टर ही कामे अनुभवी मेकॅनिक निर्धास्तपणे करू शकतो. पत्र्याच्या कामात वेल्डिंग असेल तर त्याआधी मोठ्या पॅकचा पुरवठा तोडलेला असला पाहिजे. नारिंगी केबल जेथे जाते, ती सगळी कामे प्रशिक्षित माणसाकडेच द्यावीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीचे पुष्कळ सामान स्वस्तात मिळते, पण भंगारातील गाडीचा जुना इन्व्हर्टर किंवा चार्जर आणून बसवण्याच्या मोहात पडू नये. असे भाग अनेकदा मूळ गाडीच्या संगणकाशी जुळवलेले असतात आणि दुसऱ्या गाडीत चालत नाहीत.

टॅक्सी म्हणून वापरलेली गाडी स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

आधी ती कोणत्या वापरातली आहे, याची खात्री करावी. खाजगी इलेक्ट्रिक गाडीच्या हिरव्या पाटीवर अक्षरे पांढरी असतात, तर व्यावसायिक गाडीच्या हिरव्या पाटीवर ती पिवळी असतात. पाटी बदललेली असेल तर आरसीवरील वाहन प्रकार आणि जुन्या नोंदी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर पडताळाव्यात. ताफ्यातील गाडी दिवसाला दोनदा वेगवान चार्जिंगवर लावलेली असते आणि तिचे किलोमीटर एवढे झालेले असतात की वॉरंटीची किलोमीटर-मर्यादा वर्षांच्या आधीच संपते. व्यावसायिक वापराला वॉरंटीच्या अटीही वेगळ्या असतात. छापील आरोग्य अहवाल चांगला असेल आणि किंमत बरीच कमी असेल तरच विचार करावा, एरवी नाही.

सोसायटीत चार्जिंगची परवानगी मिळेल का?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मालकाला आपल्या घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. प्रत्यक्षात मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून न्यायची, यावर चर्चा अडते. समितीकडे अर्ज देताना वायरमनचा आराखडा, भाराचा आकडा आणि खर्च स्वतः उचलण्याची लेखी तयारी जोडली तर काम सोपे होते. शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण यांच्याकडे भारवाढीचा किंवा वेगळ्या मीटरचा अर्ज करता येतो. ही परवानगी हातात येईपर्यंत गाडीचे पैसे देऊ नयेत, असे मी आवर्जून सांगेन. घरी चार्जिंग नसेल तर सार्वजनिक चार्जरवर दर युनिटला घरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे मोजावे लागतात आणि बचतीचा सगळा हिशोब कोलमडतो.

विमा घेताना काय पाहावे?

नेहमीच्या पॉलिसीत टायर, बॅटरी आणि रबर-प्लास्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा धरण्याची पद्धत आहे. मोठ्या पॅकलाही तोच नियम लावला जाणार का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे, कारण पाच लाखांच्या पॅकमध्ये अडीच लाख खिशातून जाण्याचा तो प्रश्न आहे. शून्य घसारा आणि बॅटरी संरक्षण ही दोन पूरक कलमे मुंबईत घ्यावीतच. बुडालेली गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात वाढलेले नुकसान सहसा नाकारले जाते. तृतीय पक्ष विम्यात खाजगी इलेक्ट्रिक गाडीला जून २०२२ पासून १५ टक्के सूट आहे. ६५ किलोवॉटपेक्षा अधिक शक्तीच्या गाडीला वर्षाचा दर ६,७१२ रुपये आणि ३० ते ६५ किलोवॉटच्या गाडीला २,९०४ रुपये असा ठरवला गेला. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमाही नावावर करून घ्यावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

नावावर करण्याची प्रक्रिया, कर आणि टोल यांचे काय?

फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र, परराज्यातील गाडी असल्यास फॉर्म २८ ची एनओसी लागते. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली यांपैकी आपल्या पत्त्याचे कार्यालय लागते. पीयूसी लागत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याकडून गाडी घेतल्यास त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कर असतो. दोन खाजगी व्यक्तींमधील व्यवहारावर तो लागत नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी जाहीर झाली आहे, त्यासाठी फास्टॅगवरील नोंद आरसीशी जुळती करून घ्यावी.

कागदपत्रांइतकेच महत्त्वाचे आणखी एक काम असते. गाडीच्या मोबाइल अॅपमधून आधीच्या मालकाचे खाते काढून टाकायला लावावे. ते राहिले तर गाडी कुठे आहे हे त्याला दिसत राहते, आणि काही गाड्यांचे दरवाजेही तो दुरून उघडू शकतो.

रेवा, ई२ओ किंवा ई-व्हेरिटो यांसारखी सुरुवातीच्या काळातली इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

रोजच्या वापरासाठी नाही. उत्पादन बंद झालेले आहे, वॉरंटी संपलेली आहे आणि सुटे भाग शोधण्यात महिने जातात. हौस म्हणून, स्वतः काम जाणणाऱ्याने घेतली तर गोष्ट वेगळी.

आगीचा धोका किती आहे?

बॅटरीची आग दुर्मीळ असते, पण लागली तर विझवायला अवघड जाते. केंद्राने एआयएस ०३८ हे सुरक्षा मानक कडक करून ते दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून लागू केले. त्यामुळे शक्य असेल तर त्यानंतर बनलेली गाडी निवडावी. खालून जोरात आदळलेला किंवा पोचा पडलेला पॅक हा खरा धोका असतो. लिफ्टवर पाहताना पॅकच्या पत्र्यावर खोल खड्डा दिसला तर किंमत कितीही कमी असली तरी तपासणीशिवाय पुढे जाऊ नये.

वर्षाला एकूण किती खर्च धरावा?

वर्षाला बारा हजार किलोमीटर आणि एका युनिटला सात किलोमीटर धरले, तर चार्जिंगमधील गळतीसह साधारण १,९०० युनिट लागतात. घरचा दर दहा रुपये धरल्यास वीज एकोणीस हजारांची होते. सर्व्हिसिंग तीन ते सहा हजार आणि टायर-बारा व्होल्ट बॅटरीची वर्षाकाठची वाटणी दहा-बारा हजार, म्हणजे विमा सोडून बत्तीस ते सदतीस हजारांत वर्ष निघते. वॉरंटीची दोन वर्षे उरली असताना गाडी घेतली असेल, तर पेट्रोलऐवजी वीज वापरून वाचलेल्या पैशातून दरमहा तीन-चार हजार वेगळे ठेवणे इष्ट. वॉरंटी संपेपर्यंत त्यातून चार्जर, कॉम्प्रेसर किंवा एखादे मॉड्यूल यांच्या दुरुस्तीपुरती तरतूद हाताशी येते.

निकामी झालेली बॅटरी भंगारवाल्याला विकता येते का?

नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती परत घेऊन तिच्या पुनर्चक्रीकरणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पॅक बदलताना जुन्या पॅकचे किती पैसे वजा केले, हे बिलावर वेगळे लिहून घ्यावे.